मदत हवी आहे: रिव्हॉल्वरला मॅट फिनिश हवं, पण पुसायलाही सोपं

माझ्याकडे कार्बन स्टीलचं, ब्लूइंग (रसायनांनी पोलादावर आणलेला निळसर-काळा थर) केलेलं जुनं रिव्हॉल्वर आहे. नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या) कडांना ब्लूइंग उडालंय, मुठीच्या वर बोटं टेकतात तिथे पोलाद तांबूस दिसायला लागलंय. आतलं काम मात्र चोख आहे, सिलिंडर डुगडुगत नाही, चापही छान चालतो. म्हणून फक्त बाहेरचं फिनिश नवं करायचं आहे. काम परवानाधारक गनस्मिथच (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) करणार, पण "काय हवं ते तुम्हीच ठरवा" म्हणून तो मोकळा झालाय.

अपेक्षा दोनच. चकाकी नको, कारण उन्हात नेम धरताना वरच्या पट्टीवरून तिरीप थेट डोळ्यांत येते. आणि काजळी फडक्याने निघावी. गोची अशी की मॅट म्हणजे बारीक खडबडीतपणा, आणि खडबडीत जागी घाण बसणारच. त्यात रिव्हॉल्वरला सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून दर बारला गरम वायू बाहेर फुटतो, त्यामुळे तिथली चौकट आणि सिलिंडरचं तोंड कायम काळं.

पुन्हा ब्लूइंग करावं तर तो थर नावापुरता, गंज थोपवतं ते खरं तेलच. शिवाय गोळ्यांचं चिकटलेलं शिसं काढायच्या रसायन लावलेल्या फडक्याने ब्लूइंगसुद्धा निघतं. पार्कराइझिंगचा, म्हणजे पोलादावर चढवलेल्या फॉस्फेटच्या थराचा, करडा रंग मला फार आवडतो, पण तो सच्छिद्र थर तेल धरतो तसा काजळीही धरणार ना? सेराकोटचा (फवारून भाजलेल्या सिरॅमिक रंगाचा) थर साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा, म्हणजे सिलिंडर जिथे जेमतेम बसतो तिथे अडचण. राहिलं हार्ड क्रोम, म्हणजे विजेने चढवलेला क्रोमियमचा कडक मुलामा, पण क्रोम म्हटलं की मला मोटरसायकलचा सायलेन्सरच आठवतो. ते खरंच मॅट होतं का? कुणी करून घेतलंय का?

प्रतिसाद:
होतं. क्रोमची चमक खालच्या पोलादावर ठरते. थर इतका पातळ असतो, सहसा ५ ते १२ मायक्रॉन, की खाली जसा पोत तसाच वर उमटतो. तेव्हा गनस्मिथला विचारायचा खरा प्रश्न क्रोमआधी ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून पोत आणणं) कशाने करणार हा. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण टोकदार, ते पृष्ठभाग ओरबाडतात आणि त्या खाचांत काजळी रुतते. काचेचे बारीक मणी गोल, ते पृष्ठभाग ओरबाडण्याऐवजी ठोकून दाबतात, त्यामुळे मंद राखाडी पोत येतो आणि पुसायलाही बरा पडतो. तुमची गोची बरीचशी इथेच सुटते. क्रोमचा कडकपणा रॉकवेल सी मापावर साधारण ६५ ते ७०, त्यामुळे ब्रशने घासलं तरी सहज ओरखडत नाही.

गंजाचे खड्डे आधी घासून काढायला लावा, क्रोम ते भरत नाही. ब्लास्टिंग करताना अनुक्रमांक आणि छाप पुसट होता कामा नयेत, हे बजावून सांगा. नळीचं आतलं अंग, चेंबर आणि सिलिंडरमागचे दाते झाकून ठेवायचे. स्प्रिंगांना क्रोम नकोच, प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं. म्हणूनच बाकीचे कडक भाग प्लेटिंगनंतर लगेच १९० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास तापवतात. हे तो स्वतःहून बोलला नाही, तर दुसरा गनस्मिथ बघा. सिलिंडर-नळीची फट कामाआधी आणि नंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा, ०.१ ते ०.२ मिमी ठीक.

सिलिंडरच्या तोंडावरची काळी वलयं मात्र कुठल्याही फिनिशवर येणारच. त्यांनी काही बिघडत नाही, उगाच खरवडत बसू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. काचेच्या मण्यांचं डोक्यात आलंच नव्हतं. पुढची साइटपण (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) क्रोम करू का?

प्रतिसाद:
नको, ती काळीच ठेवा. राखाडी साइट उजेडात हरवते, मग तिरीप गेली तरी नेम चुकेल.