मदत हवी आहे : मुलाला पहिला ग्लास घरच्यांनीच द्यावा काय?

त्रिमूर्तीनगरची आई (धागाकर्ती)

येत्या रविवारी माझ्या पुतणीचे लग्न आहे. वर्धा रोडवरच्या लॉनवर जेवणे आटोपली की पुरुषमंडळींची वेगळी बैठक बसते, हे आमच्या घराण्यात ठरलेलेच असते. या वेळी यजमानांनी मुलाला सांगून टाकले आहे की, "तू माझ्याजवळ बसायचे, पहिला ग्लास मी भरून देईन." त्यांचे म्हणणे असे की मुलगा आज ना उद्या पिणारच, मग मित्रांसोबत चोरून पिण्यापेक्षा बापासमोर मर्यादेत प्यायला शिकलेला बरा, आणि बाहेरच्या देशांत असेच शिकवतात. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही, आणि मी काही बोलले की "तू जुन्या वळणाची आहेस" यावर विषय संपतो. दारू वाईट आहे हे मला माहीत आहे, तेव्हा तेवढेच सांगणारे प्रतिसाद कृपया देऊ नयेत. घरी शिकवलेली मुले पुढे खरोखर सांभाळून पितात काय, एवढेच मला शनिवारच्या आत हवे आहे.

हिंगणा नाका

मुलाचे वय किती आहे, हे आपण लिहिलेच नाही. त्याने यापूर्वी कधी घेतली आहे काय? यजमान स्वतः किती आणि कितीदा घेतात? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

इसारकाठ

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे म्युनिकला होतो, त्यामुळे आपल्या यजमानांचा मुद्दा मला समजतो. मी तेथे असताना मुलांना चौदाव्या वर्षापासून आईवडिलांच्या सोबत बिअर किंवा वाइन घेता येत असे, सोळाव्या वर्षी ती स्वतः विकत घेता येत असे आणि कडक दारू मात्र अठरानंतरच. माझ्या शेजारचे कुटुंब रविवारी दुपारी जेवणासोबत एक ग्लास दीड तास पुरवत असे, आणि त्यांचा मुलगा अर्धा ग्लास तसाच ठेवून खेळायला निघून गेलेला मी पाहिला आहे. आपल्याकडे दारू ही अंधारात, घाईने आणि रिकाम्या पोटी प्यायची गोष्ट झाली आहे, आणि मुलेही तेच उचलतात. ही सवय मोडायची असेल तर सुरुवात घरातूनच करावी लागेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

वर्धेकर

सुरुवात घरातून नव्हे, दुकानातून करावी लागेल. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकांच्या रेट्याने ती आली. जी वस्तू समोर नाही ती मुलाला शिकवायची वेळच येत नाही.

हिंगणा नाका

वर्धेकर, माझी बहीण आपल्याच जिल्ह्यात दिली आहे. तेथे वस्तू समोर नसते हे खरे, पण ती फोनवर घरपोच येते आणि बाटलीत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली, हेही आपण पाहिले. असो, धागा बंदीचा नाही. ताई, वय?

त्रिमूर्तीनगरची आई

सतरा पूर्ण, बारावीची परीक्षा झाली आहे. हो, एकदा घेतली आहे, आणि हा सगळा विषय त्यावरूनच निघाला. परीक्षा संपली त्या रात्री कळमेश्वरकडच्या एका मित्राच्या शेतावर सगळे गेले होते. पहाटे घरी आला तो वासासकट, आणि मग दुपारपर्यंत उलट्या. यजमान शनिवारी दोन पेग घेतात, घरीच, आवाज नाही की भांडण नाही. याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध आहे?

काळा कोट

संबंध आहे, म्हणून मी कायद्याची बाजू तेवढी मांडतो. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, हे आपल्या यजमानांना बहुधा ठाऊक असेल. जे पुष्कळांना ठाऊक नसते ते असे की २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला मादक पेय देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपवाद आहे तो फक्त पात्र डॉक्टरच्या आदेशाचा. "मी त्याचा बाप आहे" हा अपवाद त्या कलमात कोठेही नाही.

आणखी एक विचारतो. मुलगा त्या पहाटे शेतावरून घरी कसा आला?

इसारकाठ

वकीलसाहेब, घरच्या बैठकीत भरलेल्या एका ग्लासासाठी कोणी फिर्याद द्यायला जात नाही. पालकांना भीती घालून मुले शहाणी होत नाहीत.

काळा कोट

फिर्याद कोणी देत नाही, रात्र नीट पार पडली तर. त्याच बैठकीतून उठून मुलाने कोणाची गाडी काढली आणि वर्धा रोडवर काही घडले, तर पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की त्याला ग्लास कोणी दिला. मी भीती घालत नाही, बापाच्या हातातल्या ग्लासाचे वजन सांगतो आहे.

निवृत्त गुरुजी

माझ्या मते शिकवणे सुरू करावे की नाही हा प्रश्नच उशिराचा आहे, कारण ते केव्हाच सुरू झालेले असते. पोळ्याच्या करीला किंवा होळीच्या करीला आपल्या गच्चीवर मटण शिजते, मोठी माणसे बसतात, आणि बर्फ, सोडा, चखणा वर नेऊन द्यायला आठ-दहा वर्षांच्या पोरालाच हाक मारली जाते. कोणत्या माणसाचा आवाज केव्हा वाढतो आणि आई खाली स्वयंपाकघरात गप्प का बसते, हे त्या पोराने जिना चढता-उतरता शिकून घेतलेले असते. वर्गात मी चौतीस वर्षे पाहिले आहे की मुले आपण जे समजावतो त्यापेक्षा आपण जे त्यांच्याकडून आणवतो ते अधिक लक्षात ठेवतात. ताई, आपल्या घरी ट्रे कोण नेत असे?

आरमोरीकडचा

गुरुजींच्या मुद्द्याला जोडून लिहितो. आमच्याकडे गोंड शेजाऱ्यांच्या घरी मोहाची दारू देवाला वाहिली जाते, जन्माला, लग्नाला आणि मरणालाही ती लागते. केव्हा प्यायची, कोणी वाढायची, हे रीतच ठरवत असे, आणि एकट्याने बसून पिण्याला त्या रीतीत जागा नव्हती. तेव्हा "आपल्या संस्कृतीत दारू नाहीच" असे कोणी म्हटले की मला ते खोटे वाटते. मात्र बाहेरून बाटली आली तेव्हा ती रीत सोबत आली नाही, आणि १९९३ च्या बंदीसाठी आमच्या भागातल्या बायाच पुढे होत्या. लॉनवरच्या बैठकीला कोणती रीत आहे, हे तेथे बसणाऱ्यांनीच सांगावे.

प्रगती पथ

मुलगा हुशार असेल तर त्याला पुण्याच्या एखाद्या वसतिगृहात घालावे, संगत आपोआप बदलते. माझ्या भाच्याचे तसेच झाले.

वॉर्डातली सिस्टर

मी शहरातल्या एका व्यसनमुक्ती वॉर्डात अकरा वर्षे काम केले. ताईंनी जे नेमके विचारले होते त्याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही, म्हणून ते आधी देते. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० शाळकरी मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा सहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात आले. पालकांनी स्वतः दारू दिल्यामुळे मुले सांभाळून पितात, असा काहीही फायदा त्यात दिसला नाही. उलट ज्यांना घरी मिळत होती त्यांना ती इतरांकडूनही मिळवण्याची शक्यता अधिक आढळली. म्युनिकचा शेजारी खरा असेल, पण त्याच युरोपातल्या आइसलँडमध्ये उलट्या दिशेने काम झाले. तेथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायलेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ पर्यंत ५ टक्क्यांवर आले. पालकांनी मुलांसोबत अधिक वेळ घालवायचा, रात्री उशिरा त्यांना बाहेर राहू द्यायचे नाही, आणि प्रत्येकाला खेळ किंवा कला परवडेल अशी सोय करायची, यावर तेथे भर होता.

आता यजमानांसाठी एक हिशेब. "बिअरच तर आहे" असे ते म्हणत असतील. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत आठ टक्के धरले तर सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. ३० मिली व्हिस्कीच्या पेगमध्ये तो साधारण दहा ग्रॅम. म्हणजे ती एक बाटली चार लहान पेगांएवढी होते, आणि मोठ्या माणसाच्या यकृतालाही ती निपटायला चार ते सहा तास लागतात. आपल्या मुलाच्या वयात मेंदूतला आवर घालणारा भाग अजून घडतच असतो, त्यामुळे 'मर्यादा' शिकायची म्हटली तरी ती ज्याने शिकायची तोच भाग दारूने आधी ढिला पडतो.

जबाबदारी अवश्य शिकवावी, पण ग्लासाशिवाय. भर दिवसा, घरात. प्यायलेल्याच्या गाडीवर बसायचे नाही. कितीही रात्री फोन केलास तरी आम्ही घ्यायला येऊ आणि त्या रात्री एक प्रश्नही विचारणार नाही. मित्र बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवायचे, एकटे सोडायचे नाही, लिंबूपाणी पाजत बसायचे नाही, १०८ ला फोन करायचा. त्या शेतावर कोणाचे असे झाले असते तर आपल्या मुलाला यातले काय ठाऊक होते?

आणि एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते : आपल्या किंवा यजमानांच्या रक्ताच्या नात्यात कोणी दारूने गेले आहे काय?

त्रिमूर्तीनगरची आई

इतके प्रश्न येतील असे वाटले नव्हते. क्रमाने लिहिते. तो त्या पहाटे स्कूटरवर आला. मागे एक मित्र होता. ट्रे तोच नेत असे.

सिस्टर, माझा धाकटा भाऊ एकेचाळिसाव्या वर्षी गेला. यकृत संपले होते, शेवटी पोटात पाणी झाले, रक्ताच्या उलट्या झाल्या. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, आणि त्याला आम्ही सांगितले की मामाला कावीळ झाली. आजपर्यंत तेच सांगत आलो. भावालाही पहिला ग्लास एका लग्नातच काकांनी दिला होता, कौतुकाने, हे मला काल रात्री गुरुजींचा प्रतिसाद वाचताना आठवले. मला काय पटत नव्हते ते बहुधा हेच होते.

काळा कोट

स्कूटरची किल्ली आजच काढून घ्यावी. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

वॉर्डातली सिस्टर

ताई, आनुवंशिक धोका हा अंदाज नाही, तो खरा असतो, आणि मधुमेहाबद्दल आपण जितक्या सहज सांगतो तितक्याच सहज तो मुलाला सांगायला हवा. मामाची गोष्ट धाक म्हणून सांगू नका. तो माणूस कसा होता, चांगला केव्हा होता, घसरला केव्हा, घरच्यांनी काय लपवले, हे सगळे सांगा. आपल्यालाच बोलणे जड जात असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतून बोलता येते.

इसारकाठ

कुटुंबात असे घडलेले आहे हे मला आधी कळले असते तर मी तसे लिहिले नसते. माझा पहिला प्रतिसाद आपल्या घराला लागू होत नाही.

त्रिमूर्तीनगरची आई

यजमानांनी काल हा धागा पूर्ण वाचला. रविवारच्या बैठकीत मुलगा बसणार नाही, असे ते म्हणाले. कलमामुळे की बाटलीच्या हिशेबामुळे, ते बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. किल्ली माझ्या कपाटात आहे.

आज सकाळी आम्ही दोघांनी मिळून मुलाला मामाचे खरे सांगितले. त्याने बराच वेळ काही विचारले नाही. मग म्हणाला, "मग आजी मला दर पावसाळ्यात उकळलेलेच पाणी पी म्हणून फोन का करते?" मला उत्तर देता आले नाही. माझी आई लग्नासाठी येणार आहे, आमच्याच घरी उतरणार आहे. तिने दहा वर्षे हा शब्द घरात उच्चारू दिलेला नाही. तिला मी आधी सांगून ठेवावे, की नातवाला तिच्याशी बोलू द्यावे?

हिंगणा नाका

त्या केव्हा पोहोचणार आहेत?

त्रिमूर्तीनगरची आई

शुक्रवारी सकाळी, अकोल्याहून. स्टेशनवर घ्यायला मी एकटीच जाते आहे.