जेएसपी पानांनी वेब डॉट एक्सएमएलमधून थेट सेटिंग उचलणं बंद करावं का? माझं मत: हो

टेरीटॉवेल
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग आम्ही सांभाळतो. जुनं जावा ॲप आहे, टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालतं. पानं जेएसपीची, म्हणजे एचटीएमएलमध्ये जावा मिसळून बनवलेली. कंपनीचं नाव, जीएसटी नंबर, कराचा दर, सगळं वेब डॉट एक्सएमएल या ॲपच्या सेटिंग फाइलमध्ये कॉन्टेक्स्ट-पॅरॅम (सगळ्या ॲपसाठीची सेटिंग) म्हणून लिहिलेलं आणि पानापानात ईएलच्या (जेएसपीत माहिती छापायची छोटी भाषा) इनिटपॅरॅमने उचललेलं. नवीन कामात मी हे करू देत नाही. त्यावरून टीममध्ये वाद चालू आहे, म्हणून इथे विचारतोय.

माझा आक्षेप एकच आहे, पण मोठा आहे. पॅरामीटरच्या नावात एक अक्षर चुकलं तरी काही बोंब होत नाही. हाती नल, म्हणजे 'काहीच नाही', येतो आणि ईएल त्या जागी रिकामं छापतं. गुणाकारात नल आला तर ईएल त्याला सरळ शून्य धरतं. म्हणजे ८०० रुपयांच्या मालावर ५ टक्क्यांनी ४० रुपये कर लागायचा, तिथे शून्य लागतो. पान व्यवस्थित उघडतं, लॉगमध्ये एक ओळ येत नाही. कळतं कधी, तर सीए रिटर्न भरायला बसल्यावर.

म्हणून ॲप सुरू होतानाच आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे लिसनरमध्ये, सगळं एकदा वाचा. दर सापडला नाही तर एक्सेप्शन (एरर) फेका, ॲप उठूच देऊ नका. तयार ऑब्जेक्ट ॲप्लिकेशन स्कोपमध्ये, म्हणजे सगळ्या पानांना दिसेल असा ठेवा. पानाने फक्त दाखवायचं काम करावं.

हिप्परगा_तलाव
टेरीभाऊ, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतंय. तपासणी नाही हे दुखणं आहे ना? मग तपासणी लावा की, इनिटपॅरॅमला का घालवताय? जेएसपी २.० पासून, म्हणजे २००३ पासून ते स्टँडर्डमध्ये आहे. तुमचा लिसनर तरी शेवटी वाचणार कुठून, त्याच कॉन्टेक्स्ट-पॅरॅममधून ना?

आपल्याकडच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघणारा एकच माणूस असतो, तोच डिस्पॅचही बघतो. त्याने नोटपॅडमध्ये फाइल उघडली, आकडा बदलला, सेव्ह केलं, संपलं. मूळ सेटिंगमध्ये टॉमकॅट वेब डॉट एक्सएमएलवर नजर ठेवून असतो, ॲप आपोआप रीलोड होतं.

टेरीटॉवेल
त्या रीलोडचीच मला भीती वाटते. भर दुपारी ऑपरेटर मोठं बिल टाइप करतोय आणि सेशनमधले (त्याच्या चालू कामाचे) ऑब्जेक्ट सिरियलायझेबल, म्हणजे साठवून परत उभे करता येणारे, नसतील, तर अर्धं बिल गेलं. शिवाय नवीन वॉर फाइल (ॲपचं पूर्ण पॅकेज) चढवली की हाताने बदललेला आकडा पुसला जातो.

नवीपेठ_डेव्ह
पुसला जाण्यावर उपाय आहे. टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमधल्या ॲपच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये पॅरामीटर टॅग लिहा आणि ओव्हरराइड फॉल्स ठेवा. मग वॉरमधल्या वेब डॉट एक्सएमएलला ती किंमत (व्हॅल्यू) बदलता येत नाही. पानांत काहीच बदलावं लागत नाही.

आणि सेटिंग एकाच पानापुरती असेल तर वेब डॉट एक्सएमएलच्या सर्व्हलेट टॅगमध्ये (पान नोंदवायची जागा) जेएसपी-फाइल देऊन त्याखाली इनिट-पॅरॅम लिहा.

हिप्परगा_तलाव
त्या दुसऱ्या वाटेला जाऊ नका, भाऊ. ती किंमत मॅपिंगला, म्हणजे त्या नोंदीला दिलेल्या वेब पत्त्याला चिकटलेली असते. कुणी थेट डॉट जेएसपीचा पत्ता टाकला की कॉन्फिगकडून नलच मिळतो. ईएलच्या इनिटपॅरॅमला तर ती दिसतच नाही, त्याला फक्त सगळ्या ॲपचे पॅरामीटर दिसतात. पान वेब-इन्फ फोल्डरच्या आत, म्हणजे ब्राउझरमधून थेट उघडता येणार नाही असं, ठेवलंत तरच चालेल.

सातरस्ता
मी अकाउंट्सकडून प्रोग्रामिंगकडे आले, म्हणून स्पष्ट सांगते. कराच्या दराला तुम्ही सगळे सेटिंग म्हणताय हेच मला पटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ टक्क्यांचा टप्पा गेला आणि ५ टक्क्यांची मर्यादा नगाला १००० वरून २५०० रुपयांवर आली. १५०० रुपयांच्या बेडशीटवर ऑगस्टमध्ये १८० रुपये कर होता, ऑक्टोबरमध्ये ७५. आता व्यापारी ऑगस्टच्या बिलाची दुसरी प्रत मागतो. तुमचं पान चालू दर उचलून ७५ छापणार, मग ते टॉमकॅटच्या फाइलमधून उचलो नाहीतर लिसनरमधून. दर डेटाबेसमध्येच हवा, 'या तारखेपासून लागू' अशा रकान्यासकट. आणि बिल झालं की त्या बिलावरचा दर बिलातच साठवायचा.

टेरीटॉवेल
ताई, दराचं मान्य. तो तिथेच जायला हवा.

हिप्परगा_तलाव
मलाही मान्य. पण म्हणून सगळंच डेटाबेसमध्ये कोंबू नका. डेटाबेसचा पत्ता डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही, तो जेएनडीआयकडेच (सर्व्हरवरच्या नोंदी नावाने शोधून देणारी जावाची सोय) राहणार. कंपनीचं नाव, लोगोचा पाथ, हेल्पलाइन नंबर यांना इनिटपॅरॅम पुरे आहे. नवीन पोरगा पान उघडतो, ती ओळ वाचतो आणि किंमत कुठून येते ते त्याला लगेच कळतं. तुमच्या लिसनरमधला ऑब्जेक्ट त्याला आधी शोधावा लागेल.

टेरीटॉवेल
नाव आणि लोगोपुरतं ठीक. पण इनिटपॅरॅममधून येते ती कायम स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. 'एका पानावर किती ओळी छापायच्या' हा आकडाही स्ट्रिंग, 'ट्रान्सपोर्टची प्रत काढायची का' हे हो-नाहीही स्ट्रिंग. कुणी आकड्याऐवजी 'बारा' लिहिलं, तर ते पान उघडेल तेव्हाच फुटणार, आणि ते पान उघडतं गाडी गेटवर उभी असताना. लिसनरमध्ये तोच आकडा सकाळी सर्व्हर चालू करतानाच अडतो. ही दोन्ही सेटिंग मी पानाला थेट वाचू देणार नाही.