पणजोबांच्या ट्रंकेतला विमानाचा फोटो, ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडचे. गणपतीला घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचा फोटो मिळाला, एका दुपंखी विमानाला टेकून उभे आहेत आणि मागे शाईने नुसतं "ड्रिग रोड, कराची" लिहिलंय, साल नाही. आजी म्हणते ते कराचीला विमानांचं काम करायचे, बाकी कोणालाच काही माहीत नाही.

आता ड्रिग रोड म्हणजे जिथे १ एप्रिल १९३३ ला आपल्या वायुदलाची पहिली तुकडी ४ वापिती या दुपंखी विमानांवर सुरू झाली तीच जागा, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपाल घेऊन जुहूला आले तेपण कराचीहूनच. पण टाटांचं पुस मॉथ विमान एकपंखी होतं, बंद केबिनचं, म्हणजे ते नक्की नाही.

फोटोत पुढे गोल इंजिन आहे, सिलिंडर बाहेर दिसतात, आणि बसायच्या दोन उघड्या जागा. वापितीचं इंजिन असंच गोल होतं, त्या काळच्या दुसऱ्या दुपंखी विमानाचं, हॉकर हार्टचं, नाक निमुळतं, म्हणून मला वापितीच वाटतंय. जाणकारांनी प्लीज सांगा बरोबर आहे का?

दुसरं, त्या काळच्या हवाई शिपायांची, म्हणजे वायुदलातल्या साध्या जवानांची, नोंद आज कुठे मिळेल, अर्ज कोणाकडे करायचा? आजी ८८ वर्षांची आहे, तिला वडिलांबद्दल काहीतरी पक्कं सांगता यावं एवढीच इच्छा आहे.

आणि आपल्याकडच्या दमट हवेने फोटोला बुरशी धरलीय, ती कशी काढू? मी अजून हात लावला नाहीये.