मदत हवी आहे: वॉरंटी संपत आलीय, आता शोरूम, फोंड्यातला मेस्त (गॅरेजवाला मेकॅनिक) की घरचं अंगण?

नमस्कार लोकहो, जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मार्च २०२१ ची, ५८ हजार किलोमीटर झालेत. फोंड्याहून बोरी पुलावरून वेर्ण्याला रोजची नोकरी, जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर, त्यातला निम्मा वेळ कुठल्या तरी ट्रकच्या मागे सेकंड गिअरमध्ये. गाडी घेताना पैसे भरून वॉरंटी पाच वर्षांची करून घेतली होती ती येत्या मार्चला संपते. आजपर्यंत सगळे सर्व्हिसिंग शोरूमच्याच वर्कशॉपमध्ये, शिक्क्यासकट. कुठलं शोरूम ते विचारू नका, नाव लिहायचं नाहीये.

आता घडलं काय ते सांगते. नोव्हेंबरमध्ये सर्व्हिसिंगला गाडी दिली. अ‍ॅडव्हायझर टॅबवर बोट फिरवत म्हणाला मॅम इंजिन फ्लश रेकमेंडेड आहे, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग रेकमेंडेड आहे, एसी ट्रीटमेंट तर पावसाळ्यानंतर करायलाच पाहिजे. मला ऑफिसला जायचं होतं, सही केली. संध्याकाळी बिल ११,४६०. त्यात एसीचा केबिन फिल्टर नवा, ५४० रुपये. वाट बघायला काचेची खोली, कॉफीचं मशीन, टीव्ही, आणि काचेतून दिसतं काय तर फक्त गाड्या धुतात ती जागा. लिफ्टवर काय चाललंय ते दिसेल अशी एक खुर्ची त्या खोलीत नाही.

डिसेंबरात एसी लावला की ओल्या फडक्यासारखा वास. शेवटी रविवारी व्हिडिओ बघून ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडला, मागचं झाकण काढलं आणि फिल्टर ओढला. काळा कुळकुळीत. घड्यांमध्ये सुपारीच्या सालीचे धागे अडकलेले (घरामागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे, उंदरांची वर्दळ असतेच) आणि कडेला छापलेली तारीख २०२१ ची. म्हणजे गाडीबरोबर कंपनीतून जो आला तोच! फोन केला तर "मिस झालं असेल मॅम, पुढच्या सर्व्हिसला फ्री टाकून देऊ". ५४० रुपयांचं नाही हो एवढं, पण फिल्टर निदान मला उघडून बघता आला. ब्रेक साफ केले म्हणून जे ९०० लावलेत ते मी कुठे उघडून बघणार?

दुसरा पर्याय आमचा मेस्त. आंब्याखाली पत्र्याची शेड, जमिनीत खड्डा, आजूबाजूच्या अर्ध्या वाड्याच्या गाड्या त्याच्याकडे. माणूस सरळ आहे. मे महिन्यात पुढचे ब्रेक पॅड त्याच्याकडून बदलले (शोरूमने पैसे फारच सांगितले होते), तेव्हा जुना पॅड माझ्या हातात ठेवून "बाय, हें पळय" म्हणून नखाने दाखवलं किती उरलाय ते. इतकं मला शोरूममध्ये पाच वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं. पण त्याने घातलेले पॅड पहिल्या पावसापासून किंचाळतात, सकाळी गेटमधून बाहेर पडताना शेजारच्या कुत्र्याला कळतं मी निघाले म्हणून. बिल कॅलेंडरच्या कागदामागे. ऑइल कुठलं तर "बरें आसा तें", पिंपातून काढलेलं. आणि मध्ये डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला तर त्याने बॅटरीची वायर काढून परत लावली, दिवा गेला, चौथ्या दिवशी परत आला. आता अधूनमधून येतो-जातो.

तिसरा पर्याय बाबांचा. बाबांकडे जुनी पद्मिनी गाडी होती, लहानपणी मी टॉर्च धरून उभी राहायची आणि ते पॉइंट घासायचे, कार्ब्युरेटर उघडायचे. त्यांचं म्हणणं ऑइल बदलायला शोरूम कशाला, जॅक आहे, पाना आहे. हिशेबाने बरोबर आहे, ऑइल नि फिल्टर मिळून २,३०० च्या आसपास जातात. पण अंगण उताराचं, आणि उतार सरळ बांयकडे (विहिरीकडे). आईने स्पष्ट सांगितलंय, पिण्याच्या पाण्याजवळ तेलाचा थेंब दिसला तर दोघांनी जेवायला बाहेरच बसायचं.

तर विचारायचं हे की मार्चनंतर सगळं शोरूमवरच सोपवावं का, की थोडं इकडे थोडं तिकडे असं कोणी करतं, आणि करत असाल तर कुठलं काम कुणाकडे हे ठरवता कसं? बाहेर केल्यावर उद्या गाडी विकताना शिक्के नाहीत म्हणून भाव पडतो का? आणि मुळात मी मेस्तला "ऑइल मी आणते" म्हटलं तर त्याला राग येईल का, कारण रोज त्याच्या दारावरूनच जायचंय.

प्रतिसाद १ (मडगाव)

फिल्टरवर पेनने फुली मारून गाडी द्यायची. मी एअर फिल्टर, ऑइल फिल्टर सगळ्यांवर मारतो. आणि गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्यायचं, जुने पार्ट डिकीत ठेवा. एवढ्याने निम्मे प्रश्न सुटतात. बिल नीट वाचा, सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, जुनं इस्टिमेट दाखवत असतील तर विचारा.

प्रतिसाद २ (म्हापसा)

ताई, मी बारा वर्षं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फ्लोअरवर काढलीत, आता दुसरा धंदा करतो, म्हणून मोकळेपणी लिहितो.

सगळ्यात आधी तो पिवळा दिवा!! तुम्ही फिल्टरवर परिच्छेदभर लिहिलंत आणि दिवा दोन ओळीत उरकलात. वॉरंटी मार्चपर्यंत आहे ना, मग आत्ता जा, उद्या जा. सेन्सर गेला असेल तर आज फुकट बसेल, एप्रिलमध्ये खिशातून. बॅटरी काढली की दिवा जातो पण सोबत कॉम्प्युटरने साठवलेला कोडही पुसला जातो, त्यामुळे आता दिवा लागलेला असतानाच गाडी न्या, आणि आधी हजारेक रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडॉप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला कोड मोबाइलवर दाखवतो तो) घेऊन स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून कोडचा फोटो काढून ठेवा. कोड म्हणजे कुठला पार्ट मेला हे नाही, कुठल्या सर्किटमध्ये तक्रार आहे एवढंच. पण कोड हातात असला की काउंटरवरची भाषा बदलते.

अ‍ॅडव्हायझरला जादा कामांचं टार्गेट असतं. फ्लश, ट्रीटमेंट, कोटिंग ही तीच. खाली काम करणारा पोरगा वाईट नसतो, त्याला दिवसात इतक्या गाड्या संपवायच्या असतात की जे दिसत नाही ते राहतं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा, मागे किलोमीटर आणि महिन्यांचा तक्ता असतो. त्यात आहे ते करा, नाही ते नको म्हणा. बस.

ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते बघा. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा. डॉट ३ ग्रेडचं फ्लुइड नवं असताना २०५ डिग्रीला उकळायला लागतं, ओल धरल्यावर तीच पातळी १४० पर्यंत उतरू शकते. अनमोड घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याला हा फरक पेडलमध्ये कळतो. साधारण दोन वर्षांनी बदलतात. हे काम घरी करू नका, सिस्टिममध्ये हवा राहिली तर पेडल खाली जातं. एअरबॅग, चावीचं इमोबिलायझर, कॉम्प्युटरचं अपडेट ही कामं शोरूमची. रिकॉल निघाला (दोष दुरुस्त करायला कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या) तर तो वॉरंटी संपली तरी फुकट करून देतात, म्हणून तिथलं नातं तोडू नका.

प्रतिसाद ३ (डिचोली)

सगळे सारखेच. मी स्कूटर घेतली, सुटलो.

प्रतिसाद ४ (कोलवा)

घरी ऑइल बदलण्याबद्दल. मी तीन वर्षं केलं, आता सोडलं. जॅक चाक बदलायला असतो, खाली झोपायला नाही, त्याला स्टँड लागतात आणि सपाट काँक्रीट लागतं. तुमच्या उतारावर तर विचारसुद्धा नको, बाबांना सांगा. माझी अक्कल गेली ती ड्रेन बोल्टवर. गळू नये म्हणून जोर लावून आवळला, अ‍ॅल्युमिनियमच्या संपची (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याची) आटी गेली, २,३०० वाचवायला गेलो नि नवा संप बसवला. जुनं ऑइल हा तर कायद्याने घातक कचरा, कचऱ्याच्या गाडीत देता येत नाही, शेवटी कॅन घेऊन गॅरेजमध्येच जायचो. मग म्हटलं गाडीच का नेऊ नये.

घरी करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. एअर आणि एसीचा असे दोन्ही फिल्टर, वायपर, टायरची हवा, बॅटरीवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने काढून व्हॅसलीन. मी समुद्राजवळ राहतो म्हणून आठवड्याला गाडीच्या पोटावर नुसतं पाणी मारतो आणि दरवाज्यांच्या खालची बारीक भोकं काडीने मोकळी करतो, तिथेच पाणी साचून गंज धरतो.

प्रतिसाद ५ (पर्वरी)

शिक्क्यांबद्दल: विकताना फरक पडतो पण शिक्क्यापेक्षा कागदाचा जास्त. तारीख, किलोमीटर, काय बदललं, ऑइलचं बिल, सगळं एका फाइलमध्ये असलं की घेणारा गप्प होतो. आणि बाहेर हात लावला की वॉरंटी गेली हे जे सरसकट घाबरवतात त्यावर २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना दंड केला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तरी वॉरंटीचे दोन महिने उरलेत तर वाद कशाला, मार्चपर्यंत तिथेच जा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, म्हापश्याच्या दादांचे जास्त कारण ओरडा बरोबर होता.

अ‍ॅडॉप्टर मागवला, दिवा लागल्यावर कोड आला पी ०१३५. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. शनिवारी फोटो दाखवला, अ‍ॅडव्हायझरने या वेळी टॅब बाजूला ठेवला. सेन्सर वॉरंटीत बदलला, शून्य रुपये. जुना मागितला तर म्हणाले वॉरंटीतला पार्ट कंपनीला परत दाखवावा लागतो, म्हणून मी आत जाऊन दोन्ही सेन्सर शेजारी ठेवून फोटो काढला. आत जायला कोणी अडवलं नाही, खरं तर मीच कधी विचारलं नव्हतं. ब्रेक फ्लुइड विचारलं, गाडी घेतल्यापासून एकदाही बदललेलं नाही. बदलून घेतलं. फ्लश नको म्हटलं.

आणि सर्व्हिसिंग नोव्हेंबरलाच झालंय त्यामुळे ऑइलचा प्रश्न आत्ता नाही, तरी मेस्तला विचारून ठेवलं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचा सीलबंद कॅन मी आणला तर चालेल का. तो हसला, म्हणाला माझं पिंप वाचेल, आणि जुनं ऑइल तो साठवून गोळा करणाऱ्याला देतो म्हणजे बांयही वाचली. बाबा सोबत होते. ते न सांगताच खड्ड्यात उतरले आणि वीस मिनिटं गाडीच्या पोटाखाली दोघांचं पद्मिनीवर बोलणं चाललं होतं, टॉर्च मीच धरला होता.

किंचाळी मात्र आहे. मेस्त म्हणतो पॅड काढून कडा घासून बघू, नाही तर कंपनीचे आणून दे, मजुरी घेणार नाही. घासून खरंच जाते का कोणाची, की सरळ नवे आणू?