चार महिन्यांच्या बाळाला मोतीबिंदू, लेन्स आत्ताच बसवायची की नंतर?

माणगंगा:
नमस्कार. माझी मुलगी चार महिन्यांची आहे, मोबाईलवर फोटो काढला की उजवा डोळा लाल यायचा आणि डावा पांढरा, म्हणून दाखवलं तर डाव्या डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू निघाला. सोनोग्राफी केली, आत गाठ वगैरे काही नाही, मागचा पडदा चांगला आहे. ऑपरेशन लगेच करा असं दोन्ही डॉक्टर म्हणतात, पण एक म्हणतात लेन्स ह्याच ऑपरेशनमध्ये बसवून टाकू, दुसरे म्हणतात आत्ता फक्त मोतीबिंदू काढू, वरून कॉन्टॅक्ट लेन्स लावा आणि आतली लेन्स काही वर्षांनी बघू. आम्ही आटपाडीकडे राहतो, मोठा दवाखाना लांब. घरी सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला भूल कशाला, पाच वर्षांची होऊ दे, आणि ग्रहण पाळलं नाहीस म्हणून झालं हे रोज ऐकवतात. कोणाच्या बाळाचं झालं असेल तर प्लीज सांगा, काहीच सुचत नाहीये.

ऑप्टोम_पुणे:
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे डोळ्यांची नजर आणि नंबर तपासणारी आहे, लहान मुलांच्या विभागात काम करते. आधी घरच्यांचं. पाच वर्षं थांबणं म्हणजे तो डोळा सोडून देणं. बघायला मेंदू शिकतो आणि ते शिकणं ह्याच महिन्यांत होतं, एका डोळ्याचा दाट मोतीबिंदू खरं तर सहा आठवड्यांच्या आसपास काढलेला सगळ्यात चांगला, म्हणून आता तारीख पुढे ढकलू नका. आणि ग्रहणाचा ह्याच्याशी काहीही संबंध नाही. एकाच डोळ्यात असेल तर बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, तुमच्या हातून काहीही झालेलं नाही.

आता लेन्सचं. ह्याच प्रश्नावर अमेरिकेत मोठा अभ्यास झालाय, सात महिन्यांच्या आतली, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेली ११४ बाळं, अर्ध्यांना आत लेन्स, अर्ध्यांना कॉन्टॅक्ट लेन्स. साडेचार वर्षांची झाल्यावर नजर मोजली तर दोन्ही गटांत फरक नाही, साडेदहा वर्षांची झाल्यावरही नाही. पण पाच वर्षांची होईपर्यंत डोळ्याच्या आतलं आणखी एखादं ऑपरेशन करावं लागलं ते आतल्या लेन्सवाल्या गटात ७२ टक्के मुलांना, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्या गटात २१ टक्के. म्हणून सात महिन्यांच्या आत शक्यतो आतली लेन्स नको असा त्यांचा निष्कर्ष. पण त्यांनीच पुढे म्हटलंय की कॉन्टॅक्ट लेन्सचा खर्च किंवा ती सांभाळणं आईबापांना झेपणार नसेल आणि डोळा बराच काळ नंबराच्या लेन्सशिवाय राहणार असेल तर आत लेन्स बसवलेली बरी. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर चूक नाहीत, तुम्ही किती लांब राहता आणि घरी कोण मदतीला आहे हे त्यांना मोकळेपणाने सांगा.

आत लेन्स आत्ताच न बसवण्याचं दुसरं कारण डोळ्याच्या वाढीचं. जन्मतः डोळा साधारण १७ मिमी लांब, मोठ्या माणसाचा २३-२४. लेन्सची पॉवर बदलत नाही पण डोळा वाढत राहतो, त्यामुळे लेन्स बसवली तरी मुद्दाम प्लस नंबर शिल्लक ठेवतात आणि चष्मा लागतोच. लेन्स बसवली की चष्मा सुटला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गोदाकाठचा_बाबा:
आम्ही कॉन्टॅक्ट लेन्सवाले. पहिले काही आठवडे फार अवघड गेले, मुलगा रडायचा, बायको रडायची, लेन्स चादरीत पडायची आणि आम्ही मोबाईलचा टॉर्च लावून शोधायचो. मग बाळ गाढ झोपेत असताना लावायला शिकलो आणि जमलं. एक जादा लेन्स घरात कायम ठेवा, हरवली की नवीन येईपर्यंतचे दिवस वाया जातात. हात साबणाने धुणं आणि डोळा लाल दिसला की लेन्स काढून त्याच दिवशी दाखवणं ह्यात अजिबात ढिलाई नको, इन्फेक्शन वाईट. नुसता चष्मा चालणार नाही का हे आम्हीही विचारलेलं, पण एका डोळ्याला एवढा जाड नंबर दिला की दोन डोळ्यांची चित्रं लहानमोठी दिसतात, मेंदू ती जुळवत नाही, म्हणून शक्य असेल तर कॉन्टॅक्ट लेन्सच म्हणाले.
पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांचे आजार लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात चौकशी करा, सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू येतो.

सुमनमावशी:
अगं बाळा, आधी जेव आणि झोप. माझ्या नातवाचं तिसऱ्या वर्षी झालं, त्याला लेन्स त्याच वेळी बसवली, त्या वयात बसवतात. लेन्सच्या लगेच मागचा पातळ पडदा (डोळ्याचा मागचा पडदा नव्हे) मुलांच्यात परत पांढरा होतो, मोठ्यांना लेसरसमोर बसवता येतं पण बाळ कुठलं बसणार, म्हणून ऑपरेशनमध्येच त्या पातळ पडद्याला मधे भोक करून डोळ्यात भरलेल्या जेलचा पुढचा थोडा भाग काढतात. हे करणार का ते विचार. भूल देणारे डॉक्टर लहान बाळांचे अनुभवी आहेत का तेही विचार, विचारायला लाजू नकोस. आणि डोळ्याचं प्रेशर आयुष्यभर तपासायचं, काचबिंदू किती तरी वर्षांनी येऊ शकतो, लेन्स बसवलेली असो वा नसो. आमच्याकडे ऑपरेशन झालं म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले पण खरं काम पट्टीचं होतं, चांगला डोळा रोज झाकायचा, त्याशिवाय दुसरा कामाला लागत नाही. सुनेने ते वर्षानुवर्षं केलं, सगळं श्रेय तिचं.

माणगंगा:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, मिस्टरांना आणि सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. सासूबाई गप्प बसल्या, मग म्हणाल्या मी येते दवाखान्यात सोबत. परवा तारीख घ्यायला जातोय, कॉन्टॅक्ट लेन्स जमेल असं वाटतंय कारण नणंद दोन गल्ल्या सोडून राहते, तीही शिकेल म्हणते. एकच विचारायचं, पट्टी दिवसाला किती तास लावायची? ती दिवसभर झोपूनच असते.

ऑप्टोम_पुणे:
नणंदेलाही लेन्स शिकवणीला घेऊन जा, हे फार चांगलं केलंत. तास तुमचे डॉक्टर ठरवतील, त्या अमेरिकेतल्या अभ्यासात वयाच्या दर महिन्यामागे रोज एक तास असा हिशोब होता, म्हणजे पाच महिन्यांच्या बाळाला रोज पाच तास, आठ महिन्यांनंतर जागेपणाचा साधारण अर्धा वेळ. झोपेतले तास धरायचे नाहीत. उठल्या उठल्या, पोट भरलेलं असताना पट्टी लावा आणि तेवढ्या वेळात तिच्याशी जवळून बोला, रंगीत खुळखुळा दाखवा, दुसऱ्या डोळ्याला बघायला काहीतरी हवं.