गणपती ऑगस्टमध्ये आले की पॉवर बीआयमधली मागच्या वर्षाशी तुलना फसते. उपाय काय?

खवा_दादर
मिठाईच्या तीन शाखा आहेत: दादर, ठाणे, बोरिवली. बिलिंगमधून निघणारी रोजची एक्सेल फाइल पॉवर बीआयला (आलेख-रिपोर्ट करायच्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरला) जोडली आहे. मागच्या वर्षाशी तुलनेसाठी ‘सेमपिरियडलास्टइयर’ हे फंक्शन वापरलं. त्यात ऑगस्ट २०२५ ची मोदकविक्री आदल्या ऑगस्टच्या कितीतरी पट दिसते आणि सप्टेंबर पार कोसळलेला. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, त्यामुळे असं होतंय हे कळतं. पण रिपोर्टमध्ये ते बसवायचं कसं? आणि २०२६ च्या १४ सप्टेंबरसाठी किती खवा सांगायचा, हे यातून काढता येईल का?

तारीखतक्ता
ते फंक्शन इंग्रजी तारखेला इंग्रजी तारीख लावतं, तिथी त्याला कळत नाही. साध्या वर्षी सण सुमारे ११ दिवस अलीकडे येतो आणि अधिक मास आला की १८-१९ दिवस पुढे जातो. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून चतुर्थी पुन्हा सप्टेंबरच्या मध्यावर.

वेगळा तारखांचा तक्ता करा (दिवसाला एक ओळ, मध्ये एकही दिवस गाळायचा नाही) आणि त्याला ‘मार्क ॲज डेट टेबल’ करा. त्यात दोन रकाने वाढवा: ‘गणपती वर्ष’ आणि ‘गणपती दिवस’. दुसऱ्यात त्या तारखेतून त्या वर्षीची चतुर्थी वजा करा. चतुर्थी शून्य, आदला दिवस उणे १, अनंत चतुर्दशी बहुतेकदा १०. उणे १५ ते अधिक १२ एवढंच भरा, बाकी रिकामं ठेवा. रकाना अंकांचाच हवा. मजकूर राहिला तर १ नंतर १०, ११, १२ आणि मग २ असा क्रम लागतो.

आता आलेखाच्या आडव्या अक्षावर ‘गणपती दिवस’, लेजंडला (वेगळ्या रंगांच्या रेषांना) ‘गणपती वर्ष’. एवढ्यासाठी सूत्र लिहावं लागत नाही. वाढीचा टक्का हवा असेल तर चालू वर्ष आणि निवडलेले दिवस आधी व्हेरिएबलमध्ये धरा. मग ‘कॅल्क्युलेट’ या फंक्शनमध्ये तारखांच्या तक्त्यावर ‘ऑल’ लावून (म्हणजे आधीचे फिल्टर काढून) वर्ष उणे १ आणि तेच दिवस निवडून घ्या.

दिवाळी आणि पाडव्यासाठी वेगळे रकाने लागतील. श्रीखंड विकत असाल तर पाडव्याचा आवर्जून करा. गुढीपाडवा २०२३ ला २२ मार्चला, २०२४ ला ९ एप्रिलला आणि २०२५ ला ३० मार्चला होता. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये दोनदा आला! आर्थिक वर्षांची थेट तुलना केली तर श्रीखंडाबद्दल चुकीचाच निर्णय होणार.

लालबाग_खातेवही
त्याआधी फाइल तपासा. संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर ०७-०९-२०२४ ही तारीख ९ जुलै म्हणून वाचली जाते आणि २७-०८ ला एरर येते. पॉवर क्वेरीने (पॉवर बीआयमधल्या फाइल आयात करणाऱ्या भागाने) आपोआप टाकलेली ‘चेंज्ड टाइप’ पायरी उडवा आणि ‘युजिंग लोकेल’मधून इंग्लिश (इंडिया) निवडा. एरर आलेल्या ओळी कधीच थेट ‘रिमूव्ह’ करू नका, महिन्याची १३ तारखेपासूनची सगळी विक्री गायब होते.

दुसरं, मोदक कुठे नगावर, कुठे किलोवर बिल होतात. मालाच्या तक्त्यात ‘एका नगाचं वजन’ घाला आणि सगळं किलोत आणा. खवा किलोतच सांगायचा आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: आगाऊ ऑर्डर कोणत्या तारखेला पडते? बिल बुकिंगच्या दिवशी होत असेल तर चतुर्थीचा माल उणे ५ ला दिसेल.

खवा_दादर
बिल बुकिंगलाच होतं. माल न्यायची तारीख वेगळ्या रकान्यात आहे.

तारीखतक्ता
मग दोन्ही तारखा तारखांच्या तक्त्याला जोडा. एकच नातं सक्रिय राहील. ते माल न्यायच्या तारखेचं ठेवा, बुकिंगचे आकडे हवे तिथे मोजमापाच्या (‘मेजर’च्या) सूत्रात ‘यूजरिलेशनशिप’ वापरून दुसरं नातं लावा. काउंटरवरच्या विक्रीत ती तारीख रिकामी असेल, तिथे बिलाची तारीख भरून घ्या. नाहीतर ती विक्री दिवसवार आलेखात ‘ब्लँक’ खाली जाऊन बसेल.

सरासरी_नको
अंदाजाबद्दल. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं प्रॉफेट (जुन्या विक्रीवरून पुढचा अंदाज काढणारं टूल) वापरता येईल. सणांच्या तक्त्यात चतुर्थीच्या तारखा, ‘लोअर विंडो’ (सणाआधीचे दिवस) उणे ३, ‘अपर विंडो’ (नंतरचे दिवस) १०. २०२६ ची तारीखही त्यात हवी, ती विसरली की पुढच्या वर्षी उसळीच दिसत नाही. वार्षिक चढउताराची फूरिये ऑर्डर (त्याचा आलेख किती बारीक वळणं घेऊ शकतो ते ठरवणारा आकडा) मुळात १० असते, ती ३ वर आणा. नाहीतर ऑगस्ट-सप्टेंबरचा उंचवटा तिथेही धरला जातो आणि सणातही.

पण या खिडकीत १४ दिवस आहेत आणि प्रत्येक दिवसाचा परिणाम वेगळा काढला जातो. तीन वर्षांचा डेटा असेल तर प्रत्येकाला तीनच नोंदी. म्हणून आधी जुलै २०२५ पर्यंतचा डेटा देऊन २०२५ च्या गणपतीचा अंदाज काढा. ‘मागच्या वर्षीचा तोच गणपती दिवस गुणिले एरवीच्या दिवसांतली वाढ’ या साध्या हिशेबापेक्षा तो सरस नसेल तर मॉडेल सोडून द्या. वारही बघा: २०२४ ला शनिवार, २०२५ ला बुधवार, २०२६ ला सोमवार. या वेळी आदला दिवस रविवार आहे, त्या दिवशीची उचल आधीच्या दोन वर्षांसारखी राहील असं धरू नका.

आणि विक्री म्हणजे मागणी नव्हे. बोरिवलीत मोदकाचं शेवटचं बिल दुपारी १२ चं आणि बाकी माल रात्रीपर्यंत विकला गेला असेल, तर मोदक संपले होते. असे दिवस वेगळे खुणावा. इतर शाखांत १२ पर्यंत दिवसाची ६० टक्के विक्री होत असेल आणि इथे ९० किलोवर माल संपला, तर मागणी १५० किलोच्या आसपास धरा. हे केलं नाही तर मॉडेल दरवर्षी तुटवडाच शिकत राहील.

खवा_दादर
बिलाची वेळ फाइलमध्ये येते, आजवर तो रकाना आयात करतानाच गाळत होतो. तो परत घेतो.