दहावा भाग मी उलटा वाचला, आणि काहीच अडलं नाही

दौलतगंजची
इथे ग्वाल्हेरचे आणि ग्वाल्हेर सोडून गेलेले बरेच जण 'द व्हील ऑफ टाइम' वाचणारे निघाले, म्हणून हा धागा. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: रॉबर्ट जॉर्डनची चौदा भागांची कादंबरीमाला, पहिला भाग 1990 चा, शेवटचा 2013 चा. मी बोलणार आहे दहाव्याबद्दल, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'. पुढे कथानक फुटेल, जपून वाचा.

जानेवारी 2004. मामा सकाळच्या ताजनं दिल्लीहून आला आणि पिशवीतून दर्यागंजचं जुनं पेपरबॅक काढलं. माझी बारावीची बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर, धाकटी नववीत. प्रत एक, वाचणाऱ्या दोघी. चौथ्या दिवशी त्या जाडजूड पुस्तकाचा थंडीनं कडक झालेला कणा मोडला आणि जवळजवळ मधोमध दोन तुकडे झाले. धाकटी पूर्वार्ध सोडेना. मी म्हटलं, दे तो उत्तरार्ध, तेवढाच वाचते.

उत्तरार्ध पूर्ण वाचला, मग पूर्वार्ध. काहीही अडलं नाही. हा माणूस इथे कसा आला, ही अशी का वागतेय, असं एकदाही वाटलं नाही. तेव्हापासून मी एकच म्हणत आलेय: उत्तरार्ध आधी वाचून जिचं काही बिघडत नाही, त्या गोष्टीत काही घडलेलंच नसतं.

नवव्या भागाच्या शेवटी नायक रँड आणि त्याच्या गावची निनीव मिळून पुरुषांच्या वाट्याच्या जादूच्या शक्तीला तीन हजार वर्षं लागलेला विटाळ काढून टाकतात. तो शेवट वाचून मी आणि बहीण रात्रभर बोलत होतो. वाटलं, आता पुढचा भाग काय सुटेल! आणि दहावा उघडला तर लेखक परत त्याच दिवसाकडे गेलेला. त्या दिवशी मॅट कुठे होता, पेरिन कुठे होता, एलेन काय करत होती, एग्वेनच्या छावणीत काय चाललं होतं. स्नानं, चहा, कपड्यांच्या कडांवरचं भरतकाम, कोण कोणाकडे कसं बघतं. ज्यानं एवढा पराक्रम केला तो रँड सबंध पुस्तकात जेमतेम भेटतो.

पहिले चार भाग 1990 ते 1992 एवढ्या काळात आले होते. दहावा यायला 2003 उजाडलं. त्यानंतर अकराव्याची वाट बघत होतो तर 2004 मध्ये आली मागच्या काळातली 'न्यू स्प्रिंग'. अकरावा 2005 मध्ये. आणि सप्टेंबर 2007 मध्ये जॉर्डन गेले, वयाच्या 58 व्या वर्षी, मालिका अपुरी ठेवून. दहाव्या भागावरची वर्षं त्यांनी वाया घालवली असं मला वाटतं. त्या वर्षांत शेवट त्यांच्या हातून लिहून झाला असता.

गेल्या महिन्यात पुन्हा काढलं. माझ्याकडे उत्तरार्धच आहे, तोच वाचला. मत बदललं नाही.

मुरारकर
अजिबात पटलं नाही. मी सगळे चौदा भाग 2022 च्या उन्हाळ्यात लागोपाठ वाचले, टीव्हीवरची मालिका बघून. नववा संपला रात्री, दहावा सकाळी सुरू. मला तो संथ वाटला, पण राग नाही आला. तुमचा राग पुस्तकावरचा नाही, वाट बघण्यावरचा आहे. दोन वर्षं ताटकळल्यावर ताटात वरणभात आला म्हणून तुम्ही स्वयंपाक्यावर चिडलात. मला तोच वरणभात पंगतीत मधेच वाढला गेला, मी खाल्ला आणि पुढे गेलो.

दौलतगंजची
मुरारकर, तुम्ही चौदा भाग एका उन्हाळ्यात संपवलेत, त्यामुळे तुमच्यासाठी तो मधला भाग. आमच्यासाठी दोन वर्षं तोच शेवटचा होता, त्याच्यापुढे काही नव्हतं. आणि वाट बघण्याचा राग म्हणता, तर नवव्यासाठीही दोन वर्षं थांबले होते लोक. त्याच्यावर कोण चिडलं?

समेची वाट
माझं घर गाण्याचं, त्यामुळे मला हे गाण्यातूनच सुचतं. संथपणाला मी दोष देणार नाही. आपल्या ग्वाल्हेर गायकीत तिलवाडा तालातला बडा ख्याल सावकाशच चालतो. पण आधी बंदिशीची स्थायी आणि अंतरा नीट मांडतात, मग बढत. आणि प्रत्येक आवर्तन सोळा मात्रांनी समेवर येतं. ऐकणाऱ्याची मान तिथे आपोआप हलते. ती सम जर आलीच नाही तर ऐकणारा नुसता मात्रा मोजत बसतो.

दहाव्या भागात मला सम सापडली नाही. शेवटच्या प्रकरणात एग्वेन बंदराची साखळी कधीच न तुटणारी करून टाकते आणि पकडली जाते, ती एक सम धरा. पण ती फार उशिरा, आणि तिथेच पुस्तक संपतं. मी दौलतगंजच्या ताईंच्या बाजूला.

कोठीतला गहू
मी कडाडून विरोधात आहे, आणि थोडं लांब लिहिणार आहे.

ताई, तुम्ही उत्तरार्ध पुन्हा वाचला म्हणता. मग सो हाबोर कसं विसरलात? पेरिनच्या बायकोला शायदो टोळीवाले पळवून नेतात, तो तिच्या मागावर आहे, सोबतच्या फौजेला दाणा हवा. म्हणून तो सो हाबोर नावाच्या गावात धान्य घ्यायला जातो. तिथली माणसं आंघोळ न केलेली, भेदरलेली, कारण गावात मेलेली माणसं फिरताना दिसतायत. आणि धान्याला टोके लागलेले. पेरिनची माणसं ते धान्य पाखडून घेतात आणि विकत घेतात, कारण दुसरं नाहीच.

आमच्याकडे एप्रिलात वर्षाचा गहू भरायचे. कडुनिंबाचा पाला घालून कोठी बंद. एका वर्षी पाला घालायचा राहिला आणि श्रावणात कोठी उघडली तर वरचा थर हलत होता. आई आणि आजी गच्चीवर दोन दिवस सूप घेऊन बसल्या. टोके उन्हाला पळतात, भिंतीवर चढतात, परातीच्या कडेवरून काळी ओळ लागते. आईनं त्यातला एक दाणा टाकला नाही. त्या वर्षीच्या पोळीला एक कडसर वास होता तो मला अजून आठवतो. सो हाबोर वाचताना तो वास आला. आकाशातून आग पाडणारे जादूगार हजार पुस्तकांत मिळतील. किडलेलं धान्य समोर धरून, हेच घ्यायचं आणि हेच खायचं, असा निर्णय करणारा नायक मला या एकाच लेखकानं दाखवला. जग बुडायला लागतं ते आधी कोठीतून, हे त्याला माहीत होतं.

आणि लगेच पुढे कुऱ्हाडीचा प्रसंग. पकडलेला शायदो बोलत नाही. पेरिन, जो पहिल्या भागापासून सगळ्यात सौम्य माणूस, कुऱ्हाडीनं त्याचा हात तोडतो. आणि मग ती कुऱ्हाड टाकून निघून जातो. पहिल्या भागात लांडग्यांशी बोलणारा एलायस त्याला सांगून ठेवतो की जोवर या कुऱ्हाडीचा तुला तिटकारा आहे तोवर ती जवळ ठेव, तिटकारा गेला की फेकून दे. 1990 मध्ये पेरलेलं 2003 मध्ये उगवलं. पुढे तेराव्या भागात पेरिन स्वतःचा हातोडा घडवतो, तिथे लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. या कुऱ्हाडीशिवाय तो हातोडा नुसतं लोखंड आहे. जॉर्डन व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर गनर होते, दोन वेळा जाऊन आलेले. हात तोडल्यावर माणसाच्या आत काय होतं ते त्यांनी घाईत लिहिलं असतं तर मी त्यांना माफ केलं नसतं.

समेची वाट, तुम्हाला सम हवी होती ना? ही घ्या.

समेची वाट
कुऱ्हाड मान्य. ती सम आहे. सत्ताविसावं प्रकरण मात्र, तिसातलं.

फूलबाग
धागा उशिरा बघितला. ताई, तुमचं एक वाक्य खटकलं आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही. "वर्षं वाया घालवली." त्यांना झालेला हृदयाचा अमायलॉयडोसिस त्यांनी वाचकांना मार्च 2006 मध्ये सांगितला. दहावा भाग लिहिणाऱ्या माणसाला आपल्याकडे किती वर्षं उरलीत हे ठाऊक नव्हतं. तुम्हाआम्हाला तरी कुठे असतं? मागाहून हिशेब मांडून, तू तेव्हा चहाचं वर्णन करत बसलास, असं मेलेल्या माणसाला म्हणणं बरोबर नाही.

दुसरं, शेवट त्यांच्या हातचा नाही हेही अर्धंच खरं. आजारपणात त्यांनी पुढचं सगळं घरच्यांना सांगून ठेवलं, टिपणं ठेवली आणि अखेरचे प्रसंग स्वतः लिहून ठेवले. त्यांच्या पत्नी हॅरिएट याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसनची निवड केली, आणि एका पुस्तकाचा ऐवज तीन पुस्तकांत आला: 2009, 2010 आणि 2013. चौदाव्याचा उपसंहार वाचताना हात बदललेला लगेच कळतो, तो जुना आवाज आहे.

दौलतगंजची
फूलबाग, ते वाक्य मागे घेते. मनापासून. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मीच होते, सतरा वर्षांची, ते नव्हते.

शेवटच्या पानांबद्दल मला माहीत आहे, आणि ती पानं मी तीनदा वाचलीत. पण मधलं युद्ध? रँड आणि मॅट खूप दिवसांनी भेटतात तेव्हाचं बोलणं? सँडरसननं जीव ओतून काम केलंय, त्यांचं ऋण आहे. तरी त्यांचा मॅट विनोद करतो. जॉर्डनचा मॅट विनोद करत नसे, तो गंभीरपणे तक्रार करायचा आणि आपल्याला हसू यायचं. बाराव्या भागात तो फरक पहिल्याच पानाला टोचला होता. म्हणून मला ती वर्षं मोजावीशी वाटतात.

कोठीतला गहू, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी सो हाबोर काल रात्री पुन्हा काढलं. मी पानं भराभर उलटली होती, खोटं बोलणार नाही. पाखडण्याचा भाग मला आठवतच नव्हता. कुऱ्हाडीवर वाद नाही, ती मलाही आत लागली होती. पण दोन प्रकरणांसाठी बाकीची अठ्ठावीस मी माफ करत नाही. एलेनच्या सिंहासनाचा तिढा तेवढ्या पानांत सुटत नाही म्हणजे नाही.

मुरारकर
एलेनबद्दल मी तुमच्या बाजूला. तिथे मीही पानं उलटली.

पूर्वार्धवाली
ताई, मी. पुण्याहून. धागा तूच पाठवलास, मग मी गप्प बसेन असं वाटलं का तुला?

काहीच अडलं नाही, हे तू वीस वर्षं सगळ्यांना सांगतेयस. माझं अडलं होतं, फक्त तू कधी विचारलं नाहीस. आता सांगते.

त्या जानेवारीत रोज संध्याकाळी लाइट जायची. बाहेर धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवा दिसायचा नाही. मी शेगडीपाशी कंदिलात पूर्वार्ध वाचत होते. त्यात काय आहे? एकेका ठिकाणची माणसं आपापल्या अडचणीत आहेत, आणि ज्यांना ती शक्ती कळते त्या सगळ्यांना दूर कुठेतरी काहीतरी प्रचंड पेटल्याचं जाणवतं. तासन् तास. कोणाला काही कळत नाही. घाबरतात, तर्क करतात, आणि परत आपापल्या कामाला लागतात. मला कळत होतं, ते काय आहे ते. जगातली सगळ्यात मोठी चांगली गोष्ट घडतेय आणि जगाला पत्ता नाही. मी मॅटला हाक मारून सांगणार होते, अरे तो रँड आहे, तो जिंकला! दर वेळी नवीन माणसाच्या प्रकरणात ते पुन्हा जाणवायचं आणि माझ्या पोटात धस्स व्हायचं. चौदा वर्षांची होते मी.

तू उत्तरार्धापासून वाचलंस. तिथे त्या गोष्टीवर सभा भरते, आयेस सेदाई, म्हणजे ती शक्ती वापरणाऱ्या बायका, चर्चा करतात, ब्लॅक टॉवरशी, म्हणजे तशा पुरुषांच्या गटाशी, समेट करायचा का यावर मतं पडतात. तोवर ती बातमी झालेली असते. नंतर तू पूर्वार्ध हातात घेतलास तेव्हा तुझ्यासाठी ते शिळं झालेलं. तू दोन दिवसांत तो संपवलास, परीक्षा होती म्हणून. मला आठवतंय, वाचताना तू पेन्सिलनं पानांवर रसायनशास्त्राची सूत्रं लिहिली होतीस. ती अजून आहेत.

क्रमानं फरक पडत नाही असं नाही, ताई. तू क्रम मोडलास म्हणून तुझ्या हाताला लागायचं ते लागलं नाही.

एलेनचं मात्र तुझं खरं आहे.

कोठीतला गहू
पूर्वार्धवाली, हे कुणी इतकं नेमकं सांगितलेलं मी आजवर वाचलं नव्हतं.

समेची वाट
म्हणजे सम नवव्या भागाच्या शेवटी पडली होती, आणि पूर्वार्धभर तिचीच आस ऐकू येत होती. मी परत वाचतो. ताईंची बाजू तूर्त सोडलेली नाही.

दौलतगंजची
बये, वीस वर्षांत एकदा तरी बोलली असतीस.

सूत्रं लिहिल्याचं मला आठवत नाही. पण ते खरं असणार, कारण त्या महिन्यात मी पोळीच्या पिठावरही सूत्रं लिहीत होते. आणि मी पूर्वार्ध दोन दिवसांत संपवला हेही खरं. तुझ्यासारखा वाचला नाही.

तरी 2004 च्या 'न्यू स्प्रिंग'चा राग मी सोडणार नाही. अकरावा आधी यायला हवा होता. 'नाइफ ऑफ ड्रीम्स'मध्ये लेखक पुन्हा कसा धावतो बघ: मॅटचं लग्न, पेरिनच्या बायकोची सुटका, रँडचा हात जाणं, कैदेत बसून एग्वेननं विरोधातल्या आयेस सेदाईंची प्रमुख एलायदा हिचा मनोरा आतून पोखरणं. हे सगळं त्यांच्याकडे तयार होतं आणि आपण थांबलो होतो. यावर तुझं काय म्हणणं असेल ते फोनवर सांग, रात्री नऊनंतर.

दिवाळीला येशील तेव्हा तुझा अर्धा भाग आण. कणा शिवून देणारा बाइंडिंगवाला इथे दौलतगंजात अजून बसतो, त्याला विचारून आले. म्हणाला, दोन्ही तुकडे एकदम आणा, एकेक घेत नाही.